एकोणीस निरोप

“पण यात लाल काय आहे, ते तरी दाखवा ना बाई!”

ऋत्विज आठल्येने लॅपटॉप अनसूयाबाईंच्या पुढ्यात सरकवला. पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरव्या खुणा होत्या.

बाई अंबाडीची पानं निवडत होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग पुन्हा पानांकडे.

“किती आहेत?”

“एक हजार चारशे बारा चाचण्या. सगळ्या पास. चाळीस सेकंदांत.”

“छान.”

“मग नवी आवृत्ती का अडवलीत?”

बाईंनी आणखी एक देठ खुडला.

अनसूयाबाई गोरंटीवार वर्ध्याच्या. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. सोळा वर्षांपूर्वी त्यांनी ‘हमाल’ नावाचा प्रोग्राम लिहिला. वेबसाइटवर कुणी बटण दाबलं की पान लगेच पुढे जातं. पण निरोप पाठवणं, अहवाल तयार करणं अशी वेळखाऊ कामं मागे रांगेत उभी राहतात. त्या रांगेतलं एकेक काम उचलून पार पाडायचं, एवढंच हमालचं काम. कुणीही तो घ्यावा, कुणीही त्यात सुधारणा सुचवावी. कित्येक वेबसाइट त्याच्यावर चालत होत्या. त्या चालवणाऱ्या बहुतेकांना बाईंचं नाव ठाऊक नव्हतं.

पुण्याचा ऋत्विज दोन वर्षांपासून त्यांच्या हाताखाली हमालची देखभाल करत होता. हुशार होता. बाईंनी चार ओळींत लिहिलेलं तो दोन ओळींत लिहायचा, आणि तसं बोलूनही दाखवायचा.

“सिंधू मडावीची तक्रार तू बंद केलीस,” बाई म्हणाल्या.

“कोण?”

“गडचिरोलीच्या पलीकडे एक आरोग्य केंद्र आहे. तिथली नर्स. तिनं लिहिलं होतं, काही निरोप जातच नाहीत.”

ऋत्विजला आठवलं. “हो. मी तीनदा करून पाहिलं. माझ्याकडे तसं घडत नाही. तेच लिहून बंद केली.”

“तिच्याकडे घडतं.”

“मग तिच्या मशीनमध्ये बिघाड असेल.”

बाईंनी हात पुसले.

“दहा निरोप पाठव. माझ्या फोनवर. तुझ्या चाचणीतून नाही, खऱ्या रांगेतून.”

ऋत्विजने दहा कामं रांगेत लावली. बाईंचा फोन वाजला. एक. दोन. तीन... चार.

बाईंनी हात पुढे केला आणि लॅपटॉपचं चालू-बंद करायचं बटण दाबून धरलं.

पडदा काळा झाला.

“बाई!” ऋत्विज उठून उभाच राहिला. “असं मध्येच कोण बंद करतं?”

“तिच्याकडे वीज करते. दिवसातून पाच-सहा वेळा.”

त्याने लॅपटॉप पुन्हा सुरू केला. हमालही सुरू झाला. फोन वाजू लागला, आणि थांबला.

बाईंनी फोन त्याच्या हातात दिला. त्याने मोजलं. पुन्हा मोजलं.

नऊ.

पाचवा निरोप नव्हता. रांग रिकामी होती. नोंदीत एकही चूक नव्हती. हमालच्या लेखी दहाही कामं झाली होती.

ऋत्विजने हमालचा कोड उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“काम उचललं की लगेच तो रांगेतून नाव खोडतो,” तो हळूच म्हणाला. “आणि मग करायला घेतो. मध्येच बंद पडला तर हातातलं काम गेलं...”

“आणि चाचण्या?”

“माझ्या चाचण्यांत रांगच नाही. काम आलं की जागच्या जागी उरकतं. म्हणून तर चाळीस सेकंद.”

“पूर्वी नाव शेवटी खोडलं जायचं,” बाई म्हणाल्या.

“गेल्या वर्षी ते मी बदललं. कोडच्या दोन ओळी कमी झाल्या होत्या.”

“मी ते वाचलं होतं. वाचून पुढे जाऊ दिलं.”

“आजच दुरुस्त करतो,” ऋत्विज म्हणाला.

“आधी सिंधूला भेटून ये.”

“फोन करतो ना.”

“भेटून ये.”

दोन बस बदलून, शेवटचं अंतर एका ट्रॅक्टरवर बसून ऋत्विज त्या केंद्रात पोचला. सिंधू मडावी पन्नाशीची होती. तिने त्याला आधी पाणी दिलं.

“‘हमाल’वाले साहेब तुम्हीच का जी? मला वाटलं, आता कुणी येणार नाही.”

“निरोप कशाचे असतात, सिस्टर?”

“कुत्रं चावलेल्यांचे. रेबीजची पहिली सुई आम्ही इथं देतो. पुढच्या सुया ठरल्या दिवशीच घ्याव्या लागतात. लोक विसरतात. म्हणून त्या दिवशी सकाळी फोनवर निरोप जातो. माझ्याच आवाजात आहे, इथल्या माडिया बोलीतून.”

तिने एक वही काढली. जे ठरल्या दिवशी आले नाहीत, त्यांच्या घरी जाऊन तिने विचारलं होतं. निरोप आला होता का? नाही म्हणाले, त्यांची नावं तिने लिहून ठेवली होती. तीन महिन्यांत एकोणीस.

“अठरा जणांना घेऊन आले जी. कुणाला स्कूटरवर, कुणाला चालत. उशिरा का होईना, सुया झाल्या.”

“आणि एकोणिसावा?”

सिंधूने वहीवर बोट ठेवलं. बिरजू मट्टामी. वय चौतीस.

“हा बांबू तोडायला लांब गेला होता. दोनदा घरी जाऊन आले, भेटला नाही. सापडला तेव्हा पाणी बघून घाबरत होता. मग सुईचा उपयोग नसतो जी.”

ऋत्विजने मान खाली घातली.

“त्याला फोन होता?” त्याने विचारलं.

“होता ना. त्याच्याच खिशात होता.”

त्याच वेळी वरचा पंखा थांबला. टेबलावरचा कॉम्प्युटर बंद पडला. सिंधूने सवयीने वही ओढली आणि पेन उघडलं.

ऋत्विज संध्याकाळपर्यंत तिथे थांबला. ‘माझ्याकडे तसं घडत नाही’ हे आपलं वाक्य त्याने सिंधूला दाखवलं, आणि ते आपणच लिहिलं होतं हे सांगितलं. ती म्हणाली, “तुमच्याकडे वीज राहत असेल जी.” ती रागावली नव्हती. त्यामुळे त्याला जास्त जड गेलं.

नंतरचे पंधरा दिवस त्याचा बाईंना फोन आला नाही.

सोळाव्या दिवशी तो वर्ध्याला आला. दाढी वाढलेली. लॅपटॉप त्याने पिशवीतून काढलाच नाही.

“झालं?” बाईंनी विचारलं.

“काम पुरं झाल्यावरच नाव खोडतो आता. मध्येच बंद पडला तर पुन्हा सुरू झाल्यावर ते काम पुन्हा उचलतो.”

“आणि चाचण्या?”

“खऱ्या रांगेवर घेतो. चाचणी स्वतःच हमालला मध्येच बंद पाडते. प्रत्येक पायरीवर, वेगवेगळ्या क्षणी. चाळीस सेकंदांऐवजी आता अकरा मिनिटं लागतात.”

“हिरव्या आहेत?”

“एक लाल आहे.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आजवर तो लाल घेऊन कधी आला नव्हता.

“निरोप गेला, आणि नाव खोडायच्या आतच वीज गेली, तर...” ऋत्विज थांबला. “तर तो निरोप पुन्हा जातो. एकाच माणसाला दोनदा. नेमका एकदाच जावा म्हणून मी पंधरा दिवस खटपट केली बाई. आधी खोडलं तर हरवतो. नंतर खोडलं तर कधी दोनदा जातो. मधली जागा सापडत नाही.”

“मला सोळा वर्षांत सापडलेली नाही.”

“मग काय करू? सगळीकडे दोन-दोन निरोप जायला लागले तर लोक वैतागतील. तक्रारींचा ढीग पडेल.”

“पडेल.”

“आणि तरी तुम्ही ही आवृत्ती प्रसिद्ध करणार?”

बाईंनी पिशवीतला लॅपटॉप स्वतः काढला, उघडला, आणि आवृत्ती प्रसिद्ध करायचं बटण दाबलं.

“तक्रार करायला माणूस असेल,” त्या म्हणाल्या.