रोजचा टायर

"पण अक्का, टायर खोटं बोलतोय हे ओळखायचं कसं?"

"टायरला तोंड कुठाय, अभिनंदन?"

हातातला कागदांचा गठ्ठा अभिनंदन मगदूमनं मांडीवर आपटून सरळ केला. तो आधीच सरळ होता.

साखर कारखान्याचा गाडीअड्डा हळूहळू रिकामा होत होता. हंगामात इथं उसाच्या बैलगाड्या नि ट्रॅक्टर वजनाची वाट बघत उभे असायचे. हंगाम संपला, की उन्हाळ्यातले रविवार मोटर क्लबचे. डांबरी पटांगणात लाल शंकू मांडायचे, एकेका गाडीनं त्यांच्यामधून वळणं घेत सुटायचं आणि घड्याळ लावून वेळ मोजायची. सगळी मंडळी कामधंदा सांभाळून हौसेखातर येणारी. बक्षीस म्हणाल तर एक पितळी कप. तो जिंकणारा मात्र वर्षभर असा चालायचा, जणू जग जिंकून आलाय.

आजची शर्यत नुकतीच उरकली होती. रोजच्या टायरच्या गटात अभिनंदन पहिला आला होता. तरी त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

कारण दुसरा आलेला जुबेर मुजावर. वेळा जाहीर झाल्यावर तो शांतपणे अभिनंदनकडे आला होता, आपली नंबराची पाटी त्याच्या हातात ठेवली होती आणि म्हणाला होता, "आजचा माझा शेवटचा रविवार. तुझ्या नियमात मी बसतोय, पण मला काय बसवत न्हाई."

गट दोनच होते. ज्या टायरवर माणूस एरवी गाडी चालवतो, त्यांचा एक. खास शर्यतीचे मऊ, रस्त्याला धरून बसणारे टायर, त्यांचा दुसरा. इथवर कुणाचं भांडण नव्हतं. भांडण होतं ते मधल्यांचं, म्हणजे दिसायला रोजचे आणि अंगानं शर्यतीचे असलेल्यांचं. ते कुठल्या गटात घालायचे, यावरून क्लबात माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती.

नियम लिहायचं काम अभिनंदननं आपणहून अंगावर घेतलं होतं. तो इंजिनिअर, स्वतःची फाउंड्री असलेला. हे काम आपल्याइतकं कुणाला जमणार नाही अशी त्याची खात्री होती. पंचाईत अशी की, ती खात्री अगदीच खोटीही नव्हती.

आजची शर्यत त्याच्या नव्या नियमावर, तात्पुरता धरून, झाली होती; पण क्लबात कुठलाही नियम अक्कांच्या सहीशिवाय कायमचा लागू होत नसे.

सुमतीअक्का शिरगुप्पे कडुनिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून भाजलेल्या शेंगा फोडत होत्या. तरुणपणी त्यांनी फियाट घेऊन घाटाघाटांत रॅली मारल्या होत्या. आता गाडी चालवत नसत, पण शिकवत. अभिनंदन आणि जुबेर दोघं एकाच वर्षी त्यांच्या हाताखाली शिकले. शिकवायची रीतही त्यांचीच. शेजारच्या सीटवर मांडीत शेंगांचं ताट घेऊन बसायच्या आणि वळणात एक जरी शेंग सांडली, तरी धडा पहिल्यापासून. जुबेरनं एकदा अख्खं ताट सांडलं होतं, आणि त्या शेंगा गोळा करून दोघांनी मिळून खाल्ल्या होत्या.

"यंदाचा नियम बघा तरी," अभिनंदन म्हणाला. "यात पळवाट नाही."

"पहिल्यांदा लिहिलेल्यात होती?"

"...होती."

"दुसऱ्या खेपेला?"

"त्यातही."

"सांग की मग. काय काय झालं?"

अक्कांना सगळं ठाऊक होतं. त्याला माहीत होतं, की त्यांना ठाऊक आहे. पण त्या विचारतात तेव्हा सांगावं लागतं.

"पहिल्यांदा मी टायरवर छापलेला झिजेचा आकडा धरला होता. आकडा मोठा म्हणजे रबर कडक, टिकाऊ. लहान म्हणजे मऊ. आकडा दोनशेच्या वर असेल, तो रोजचा टायर."

"आकडा कोण छापतं?"

"कंपनी."

"आणि टायर कोण विकतं?"

"...कंपनीच."

अक्कांनी एक शेंग फोडली. "बरं. पुढं?"

"मग मी कडकपणा मोजायचं यंत्र आणलं. सुई रबरात दाबली, की आकडा दाखवतं. ते यंत्र कुणाच्या बापाला भीत नाही."

"आणि मंडळींनी काय आणलं?"

अभिनंदननं नजर खाली घातली.

"बर्फ."

अक्कांना हसू आवरेना. रबर गार पडलं, की कडक होतं, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं आणि मग काय विचारता! कुणी टायरना ओली पोती गुंडाळून आलं, कुणी गोळेवाल्याकडची लादी डिकीत घालून आणली आणि एक महाशय टायर द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवून आले. तपासणीच्या रांगेत गाड्या अशा उभ्या होत्या, जणू सगळ्यांनाच ताप चढलाय. अभिनंदन त्या दिवशी संतापानं लाल झाला होता. अक्कांनी उरलेल्या बर्फाचं सरबत करून सगळ्या क्लबाला पाजलं होतं.

"हसू नका अक्का. मी जिवावर उदार होऊन हे लिहितोय."

"न्हाई हसत. आता यंदाचं सांग."

अभिनंदनच्या अंगात एकदम जोर आला. त्यानं पहिलं पान पुढं केलं.

"यंदा सगळं एका सूत्रात घातलंय. छापलेला आकडा, कडकपणा, रबराचं तापमान, खाचांची खोली, रुंदी, सगळं. शेवटी एकच उत्तर येतं. रेघेच्या वर तो रोजचा, रेघेच्या खाली तो शर्यतीचा. माणसाचा संबंधच ठेवला नाही."

"माणसाचा संबंध न्हाई..." अक्का म्हणाल्या. "छान. तुझा टायर कुठं येतो?"

"वर."

"बराच वर?"

"...जरासा."

"आणि जुबेरचा?"

"त्याचा पार वर. त्याचं सोडा, तो शाळेच्या पोरांना नेतो-आणतो त्याच टायरवर."

अक्का शेंग दाताखाली धरून थांबल्या.

"आधी टायर घेतलास, का आधी रेघ मारलीस?"

अभिनंदननं तोंड उघडलं. मनातल्या मनात तारखा लावून पाहिल्या. मग लावायचं सोडून दिलं.

पटांगणात वाऱ्यानं एक शंकू आडवा पडला...

"रेघ शास्त्रानं मारलीय, अक्का."

"व्हय की. मी कुठं न्हाई म्हटलं?"

त्या खरंच काही म्हणाल्या नव्हत्या, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास होत होता. त्यानं कागद खाली ठेवले.

"मला जुबेर हवाय," तो एकदम बोलून गेला. "तो नसला तर मी शर्यत कुणाशी लावू? बाकीच्यांना हरवून मला झोप येत नाही, अक्का. हे सगळं त्याच्यासाठीच लिहिलंय. असा नियम, की त्याला बोलायला जागाच उरू नये."

"ते जमलंय तुला. तो बोलायचाच थांबलाय."

पलीकडे जुबेर आपल्या व्हॅनच्या दारावर खडूनं लिहिलेला नंबर ओल्या फडक्यानं पुसत होता. इकडं एकदाही बघत नव्हता. नंबर पुसला गेला, तरी तो पुसतच राहिला.

"सही करता?" त्यानं हळूच विचारलं.

"करते. पण आधी घरी सोड मला. ऊन डोक्यात जायला लागलंय."

"मी?"

"मग काय चालत जाऊ? तुझ्या गाडीतनंच ने."

अभिनंदन ताडकन उठला. अक्का कुणाच्याही गाडीत बसत नसत. चांगल्या चांगल्यांना त्यांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या. त्यानं एका हातात कागद घेतले, दुसऱ्या हातानं अक्कांची पिशवी उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशा बेतानं पटांगणाच्या मधून चालत गाडीपर्यंत गेला.

गाडी निळी, धुतलेली, चकचकीत. अक्कांनी दाराला हात घातला.

"पाच मिनिटं थांबा हं अक्का. टायर बदलतो."

त्यानं कागद नि पिशवी टपावर ठेवली, झटकन जॅक काढला, चाकाखाली सरकवला आणि पाना घेऊन गुडघ्यावर बसला.

"पंक्चर झालंय?" अक्कांनी विचारलं.

"नाही."

"हवा कमी आहे?"

"हवा अगदी बरोबर आहे."

"मग कशाला बदलतोस?"

"हे मी रस्त्यावर चालवत नाही ना," अभिनंदन चाकाकडे बघत, नट ढिला करत म्हणाला. "कारखान्याच्या रस्त्यावर नवी खडी टाकलीय, एका फेरीत वाट लागेल यांची. माझे रोजचे टायर मागच्या सीटवर आहेत. ते घालतो नि..."

पाना थांबला.

अक्का जॅककडे बघत होत्या.

...

आधी अभिनंदनचे कान तापले. मग मान. त्यानं एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा मागच्या सीटवर रचलेल्या टायरकडे पाहिलं आणि शेवटी टपावर ठेवलेल्या कागदांकडे. सूत्र त्यानं तीन महिने घासूनपुसून लिहिलं होतं. कितीतरी रविवार त्यानं हाच जॅक, याच चाकाखाली, याच वेळी लावला होता. एकदाही त्याच्या डोक्यात काही आलं नव्हतं.

आणि मग, काय झालं कुणास ठाऊक, त्याला हसू फुटलं. पाना हातात धरून तो तिथंच डांबरावर बसकण मारून हसत सुटला.

"जुबेर!" अक्कांनी हाक मारली. "घराकडंच चाललास न्हवं?"

"व्हय अक्का."

"मला सोड वाटेत."

"या की, बसा."

अक्कांनी टपावरची आपली पिशवी घेतली आणि व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. जुबेरनं जॅककडे एकदा पाहिलं आणि मिशीत हसला. दिवसभरात पहिल्यांदाच.

व्हॅन सुरू झाली तसा अभिनंदन उठून कागद घेऊन धावला.

"अक्का! सही..."

"आत्ता पाना हातात घेऊन जे बोललास, तेवढं लिहून दे. त्यावर करते."

"तेवढंच?"

"का? कमी पडतंय?"

अभिनंदननं गठ्ठ्यातलं एक पान उलटं केलं, व्हॅनच्या दाराला टेकवलं आणि लिहिलं. लिहून मोठ्यानं वाचलं.

"ज्या टायरवर घरून आलात, त्याच टायरवर शर्यत. आणि त्याच टायरवर परत घरी. असं जो करील, तो रोजच्या गटात. बाकीचे सगळे दुसऱ्या गटात, तिथं हवे ते टायर घाला."

त्यानं जुबेरकडे पाहिलं. जुबेर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता.

"बर्फ चालंल का?" जुबेरनं विचारलं.

"खुशाल आण. सरबताला होईल."

अक्कांनी पेनासाठी हात पुढं केला. पण माणसाचा स्वभाव असा काही एका दुपारीत जात नाही. अभिनंदननं पेन दिलं आणि पुन्हा कपाळाला आठ्या घातल्या.

"अक्का, यातही एक पळवाट आहे."

"कुठली?"

"समजा कुणी मऊ टायरवरच घरून निघाला. त्याच खडीवरून आला, त्याच टायरवर शर्यत मारली, आणि त्याच टायरवर परत जायची तयारी ठेवली. मग तो रोजच्या गटात धरायचा?"

"असा कोण शहाणा येतोय?"

अभिनंदननं मागं वळून आपल्या निळ्या गाडीकडे पाहिलं. जॅक अजून चाकाखाली तसाच होता.

"मीच आलो तर?"

जुबेरनं इंजिन बंद केलं. मान बाहेर काढून त्यानं अभिनंदनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू खडीवरनं त्या टायरवर येणार?"

"येणार."

"फाउंड्रीपासनं?"

"घरापासून. बोललो ना."

"मग मी बी येतो रविवारी," जुबेर म्हणाला. "हे बघायला तरी यायलाच पाहिजे. माझी पाटी दे इकडं."

पाटी अभिनंदनच्या गाडीत होती. तो ती आणायला असा पळाला, की चप्पल मागं राहिली. पाटी घेऊन परत आला तोवर अक्कांनी कागदावर सही केली होती. त्यांनी कागद त्याच्या हातात दिला, पेन दिलं, पिशवीतल्या मूठभर शेंगाही दिल्या.

"अक्का, मग येऊ ना मी त्या टायरवर?"

"ये की," अक्का म्हणाल्या, आणि जुबेरकडे वळल्या. "जुबेर, रविवारी मागची एक सीट रिकामी ठेव. परतीला लागंल."