वऱ्हाडात आलेली खवणी

फार जुनी गोष्ट. कोकणातली एक खवणी शेवंतीबरोबर तिच्या सासरी, दूर वऱ्हाडात आली. तिथे नारळ फुटायचा तो सणासुदीलाच. एरवी खवणी कोपऱ्यात धूळ खात बसायची आणि रोज मिरच्या कुटणाऱ्या दगडी खलबत्त्यावर जळायची. "मेल्याला ना दात, ना धार! आणि माझी शेवंती दिवसरात्र त्याच्याच पुढ्यात!"

पोळ्याला नारळ फुटला. शेवंती खवणीवर बसली आणि खोबरं खवता खवता पहिल्यांदाच माहेरचं गाणं गुणगुणू लागली.

संध्याकाळी खवणी ऐटीत म्हणाली, "बघितलंस ना, खलबत्त्या?"

"पाह्यलं ना बाई," खलबत्ता हळूच म्हणाला. "माह्यापाशी बसली का रोज डोये पुसते. मले वाटे, मिरची झोंबते."