झिंग्याची पारख

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा नदीतल्या जिवांचीही पंचायत असायची. शहरामधून वाहणाऱ्या एका नदीत अशी रीत होती, की माद्यांनी अंडी घालायच्या आधी डोहात एक झिंगा दिवसभर ठेवायचा. संध्याकाळी त्याच्या मिशा हलल्या, तर पाणी चांगलं.

पुढं शहराची गटारं नदीत आली आणि एका वर्षी झिंगा मेला. सरपंच कासव म्हणालं, "झिंग्याची जातच नाजूक हो. आता खेकडा ठेवू." खेकडा जगला. सगळे खूश झाले, अन् गटारं तशीच राहिली.

पुढं एका वर्षी खेकडाही मेला. चंद्राक्का नावाच्या मरळ मासळीचं पोट अंड्यांनी भरलं होतं. ती म्हणाली, "कासवदादा, पुन्हा झिंगाच ठेवा. पाणी वाईट असेल तर वाईट म्हणा. मग गटारं बंद करा, असं शहराला सांगता तरी येईल."

"लई लाड गं तुझे!" मागूर मासा हसला. "म्हणे झिंग्याचं पाणी पाहिजे!"

कासव मात्र हसलं नाही. "अक्का, झिंगा आणू कुठून? नदीत एकही उरला नाही."

मग त्यानं डासाची अळी ठेवली. संध्याकाळी ती मजेत वळवळत होती.

"पाणी चांगलं आहे," पंचांनी सांगितलं.

चंद्राक्काचं पोट काही थांबणार नव्हतं. तिनं अंडी घातली. तिसऱ्या दिवशी ती सगळी मरून पांढरी पडली. तरी ती बिचारी शेपटीनं त्यांना वारा घालत राहिली.