शेवंती आणि बुडबुड्यांची परी

बागेच्या कडेला, पत्र्याच्या एका खोलीत शेवंती नावाची मुलगी राहायची. तिला बाबा नव्हते. आई सकाळीच गजरे घेऊन देवळापाशी जाई, ती दिवेलागणीला परत येई. दिवसभर शेवंती एकटी. खेळणी नाहीत, नवा फ्रॉक नाही. पण तिच्याकडे एक नवल होतं! कुणीतरी टाकून दिलेली, कोपरा तडकलेली काचेची पेटी आईने आणली होती. तिच्यात तीन मासोळ्या होत्या, लाल चमकी, पिवळी ठमकी आणि नाकाशी मोत्यासारखा ठिपका असलेली नथनी. जुना पंप दिवसभर गुरगुरायचा आणि पाण्यातून चंदेरी बुडबुडे नाचत वर यायचे.

एके दिवशी भर दुपारी सोसाट्याचा वारा सुटला. विजेचा खांबच आडवा झाला! पंखा थांबला, पंप थांबला. थोड्या वेळाने तिन्ही मासोळ्या पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागल्या.

"अगं बाई, भूक लागली होय तुम्हाला!" शेवंती म्हणाली. दारी आलेल्याला उपाशी ठेवायचं नाही, असं आईने शिकवलेलं. तिने आपल्या वाटची भाकरी चुरून पाण्यात टाकली. झालं! पाणी गढूळ झालं आणि मासोळ्या जास्तच तडफडू लागल्या.

शेवंती रडत बागेत धावली. मोगऱ्याजवळच्या हौदापाशी तिला हुंदका आवरेना. तेवढ्यात एका पानावरचा पाण्याचा थेंब हलला, फुगला आणि फुटला. आतून उतरली चिमुकली परी! तिचे पंख साबणाच्या फुग्यासारखे. हलले की निळे, थांबले की गुलाबी. शेवंती रडायचं विसरून बघतच राहिली.

"मी बुडबुड्यांची परी," ती हळूच म्हणाली. "तुझ्या मासोळ्यांना भूक नाही गं लागली, हवा कमी पडतेय. चल, एक इच्छा माग. पण नियम ऐक हं. इच्छा एकच आणि एकाच घरच्या पाण्यासाठी. वीज मात्र मागू नकोस. खांबांपुढे माझं काही चालत नाही!"

शेवंती बोलणार, एवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली, "शेवंते, अगं माझी काळूबाई वर आलीये! काय करू गं मी?"

ते शेजारचे तात्या होते. घरात तात्या आणि त्यांची म्हातारी काळी मासोळी, दोघंच. तात्यांचे हात इतके थरथरत की चहाचा कपही धरवत नसे.

शेवंतीने आपल्या खोलीकडे पाहिलं. मग तात्यांच्या खिडकीकडे पाहिलं.

"परीताई," ती म्हणाली, "पाण्यात हवा हाताने घालता येते का हो?"

"येते की. तांब्याने पाणी घ्यायचं आणि उंचावरून बारीक धारेने परत सोडायचं. धार हवा घेऊन खाली जाते. पण दमशील गं बाळा. वीज येईपर्यंत थांबायचं नाही."

"मला हात आहेत. तात्यांचे थरथरतात. माझी इच्छा काळूबाईला द्या!"

परीने पंख झटकले. तात्यांच्या खिडकीत एकदम चांदणं सांडल्यासारखं झालं. हजारो बुडबुडे, मोत्यांएवढे, मोहरीएवढे! "अगं आई गं, हे काय!" तात्या लहान मुलासारखे ओरडले.

शेवंती धावत घरी गेली. तिने आधी भाकरीचा चुरा गाळून काढला. मग तांब्या भरला, उंच धरला, धार सोडली. भरला, धरला, सोडली. उजवा हात दुखला की डावा. परी पेटीच्या काठावर येऊन बसली, पण तिला बोटही लावता येईना. नियम तो नियम.

चमकी सावरली. ठमकी सावरली. नथनी मात्र आडवी झाली आणि हळूहळू तळाशी गेली.

"नथने, ऊठ गं! मी आहे ना!" शेवंतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण धार तुटली नाही. भरला, धरला, सोडली. सावल्या लांबल्या. तिचे खांदे भरून आले, बोटं सुजली. आणि मग नथनीचा एक कल्ला हलला. पुन्हा हलला. ती तिरकी तिरकी वर आली.

परीचे डोळे भरून आले. "शेवंती, इच्छेला नियम असतात," ती म्हणाली, "बक्षिसाला नसतात." तिने पाण्यावर फुंकर घातली. त्याच क्षणी बाहेर खांबाची दुरुस्ती संपली आणि लख्खकन दिवा लागला. खोली प्रकाशाने भरली आणि त्या प्रकाशात परी विरघळून गेली.

पंप गुरगुरू लागला. नथनी शेपटी उडवत पेटीभर फिरली. तिच्यामागून आणखी कुणीतरी फिरत होतं. मोगऱ्याच्या कळीएवढी, काचेसारखी आरपार, हलली की निळी, थांबली की गुलाबी अशी मासोळी! ती जाईल तिथे बुडबुड्यांची माळ उमटत होती.

आई दारात आली ती तिथेच थबकली. तिने लेकीचे सुजलेले हात आपल्या हातांत घेतले आणि दोघी पाण्यासमोर बसून राहिल्या. त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचा राहून गेला, आणि आईला त्याचं काहीच वाटलं नाही.