सुलोचनाची लांबी

एकदा एका शीतगृहाच्या दाराशी इंदुमती नावाची बाई नोकरीला होती. बेदाण्याच्या पेट्या रचायला बायका आत जात. त्या सगळ्या बाहेर आल्याची खात्री करून अवजड दार लावायचे, हे तिचे काम. गावातल्या एका वृद्ध गुरुजींकडे ती संगणकाची भाषा शिकत होती. यंत्राने लाल अक्षरांत चूक दाखवली की तिच्या छातीत धस्स होई. एकदा तिने नुसत्या संख्येची लांबी, म्हणजे तिच्यात किती घटक आहेत ते, विचारली आणि यंत्राने साफ नकार दिला. तेव्हापासून तर ती फारच बिचकून असे.

तरीही तिने जिद्दीने एक छोटा प्रोग्राम लिहिला. आत गेलेल्यांच्या आणि बाहेर आलेल्यांच्या नोंदींची लांबी सारखी झाली, की पडद्यावर ‘सर्व बाहेर’ असे उमटावे. पहिल्या दिवशी तो पाहायला तिने गुरुजींना बोलावले.

सात बायका आत गेल्या. बऱ्याच वेळाने सुलोचना बाहेर आली. इंदुमतीने तिचे नाव टिपले आणि, बाकीच्या आपापली नावे टिपतील असे धरून, ती चहा सांगायला गेली. परतून पाहते तो पडद्यावर ‘सर्व बाहेर’! एकही चूक नाही. ती आनंदाने दार ढकलू लागली. तोच गुरुजी दाराच्या उंबऱ्यावर बसले.

“गुरुजी, उठा ना! गारवा जातोय.”

“बाहेर आलेल्यांची नावे वाच.”

“सुलोचना...” पुढे काहीच नव्हते.

तिने दारातून हाक मारली. “अगं, कोण आहे का आत?” पंख्यांच्या घरघरीत हाक विरली. ती धावत आत शिरली. पेट्यांच्या अगदी शेवटच्या रांगेआड, कानांना पदर गुंडाळून सहाजणी काम करत होत्या. तिने एकेकीचा हात धरून पाहिला.

“काय झालं गं? इतकी पांढरीफटक का पडलीस?” एकीने विचारले.

बाहेर येऊन ती गुरुजींशेजारी बसली. “यंत्र खोटं बोललं, गुरुजी.”

“नाही. यादीची लांबी म्हणजे तिच्यातली नावे. आत गेलेल्यांची तू यादी केलीस, ती सात नावांची. बाहेरच्या बाजूला मात्र नुसता शब्द लिहिलास. शब्दाची लांबी म्हणजे त्यातली चिन्हे. सुलोचना: चार अक्षरे आणि उकार, ओकार, काना ही तीन चिन्हे. तीही सातच. संख्येला लांबी नसते, म्हणून त्या दिवशी यंत्र अडले, तुला सावध करून गेले. आज ते अडले नाही. भ्यायचेच असेल तर या न अडण्याला भी.”

इंदुमतीने प्रोग्राम दुरुस्त केला. मोजण्याआधी समोर यादी आहे की शब्द, हे तो आता तपासू लागला. तरी संध्याकाळी पडद्यावर ‘सर्व बाहेर’ उमटले, तेव्हा तिने दाराच्या कडीवरचा हात मागे घेतला. ती आत गेली, शेवटच्या रांगेपर्यंत चालत जाऊन आली, आणि मगच तिने दार लावले.