चिखलात मिसळलेला कोळी

फार जुन्या काळी, करवंदीच्या जाळीत सशिणीच्या पिलाला कोळी चावला. आरडाओरडा ऐकून सगळे शेजारी धावले आणि रागाच्या भरात प्रत्येकाने चिखलातल्या त्या कोळ्यावर पाय आपटला. सशिणीने मात्र पिलाचा पाय धुतला आणि वैद्य कासवाला आणलं.

"धुतलास ते बरं केलंस, बाई. आता कोळी दाखव. चुकीचं औषध दिलं तर पिलू हातचं जाईल."

"काळा होता," डुक्करदादा म्हणाला.

"डोळे फुटले का तुझे? तांबडा होता," खारूताई म्हणाली.

पिलाचं अंग आखडत चाललं होतं. सशीण चिखलात कोळ्याचा निदान एखादा पाय शोधत राहिली. मागे शेजारी एकमेकांना सांगत होते, सगळ्यांत जोरात पाय कुणी आपटला ते.