चार दिवस थांब म्हणणारा सुतार

फार फार वर्षांपूर्वी, रस्ते होते पण रस्त्यांना नावं नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक गूळ विकणारा आणि त्याची बायको राहत होती. बायकोचं माहेर घाटापलीकडे, बैलगाडीने दोन दिवसांच्या वाटेवर. तिथे तिची आई एकटीच असायची. तीन वर्षं लेकीने आईला पाहिलं नव्हतं. भाकरी थापता थापता तिला आईची आठवण यायची आणि जीव कासावीस व्हायचा.

दोनदा ते निघालेही होते. दोन्ही वेळा गाडीने घाटाच्या पायथ्याशीच दगा दिला. चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, निसटून रस्त्यात पडली. बायको घाटाकडे बघत राहिली आणि नवऱ्याने बैल मागे वळवले.

तुम्ही म्हणाल, गाडी नीट दुरुस्त का नाही केली? केली होती की. बाजारगावच्या नामांकित कारागिराकडे नेली होती. तो सकाळी घेतलेली गाडी संध्याकाळी परत द्यायचा, वर चाकांना लाल-पिवळा रंग द्यायचा आणि "निघा खुशाल" म्हणायचा.

गावातच एक म्हातारा सुतार होता. पण त्याच्याकडे जाणार कोण? गाडी आणली की तो आधी तिच्या बाजूने चालत चाकाचा आवाज ऐकायचा. कधी म्हणायचा, हिला काही झालेलं नाही, घेऊन जा. कधी म्हणायचा, आज होणार नाही. हत्याराला हात न लावता परत पाठवणारा माणूस लोकांना अडाणी वाटायचा. गूळवाल्याला तर त्याने एकदा चारचौघांत सांगितलं होतं, की ही चाकं घाट चढायची नाहीत. तेव्हापासून गूळवाला त्याच्या दारावरून जाताना मान फिरवायचा.

तिसऱ्या वर्षी आईचा निरोप आला, एकदा येऊन जा. नवऱ्याने पुन्हा बाजारगावाहूनच गाडी दुरुस्त करून आणली. बायकोने बैलांची वेसण धरली आणि गाडी सरळ सुताराच्या दारात नेली.

म्हातारा गाडीबरोबर थोडं चालला. मग चाकावर हात ठेवून म्हणाला, "पोरी, हे चाक पाण्यात बुडवून फुगवलंय. दोन दिवस घट्ट राहील, वाळलं की धाव सुटेल. चार दिवस थांब."

"बाबा, माझा जीव राहत नाही हो."

"म्हणूनच थांब म्हणतो."

ती थांबली. तिला अन्न गोड लागेना. चाकं उन्हात खडखडीत वाळली, तेव्हा सुताराने धाव आखूड करून घेतली, गोवऱ्यांच्या जाळात लाल तापवून चाकावर चढवली आणि वरून पाणी ओतलं. धाव आवळून बसली. रंग काही त्याने दिला नाही.

गाडी घाट चढली आणि उतरलीसुद्धा. आई अंगणातच बसली होती. लेक धावत जाऊन समोर उभी राहिली, तर आईने विचारलं, "कोण आहे?"

लेक तिच्या पायाशी बसली. आईने तिच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून हात फिरवला आणि ओळखलं. लेकीला कवटाळून ती म्हणाली, "गेल्या वर्षापर्यंत दिसत होतं गं मला."

गूळवाला खाली मान घालून उभा राहिला. सुताराचं घर त्याच्या घरापासून चार घरं सोडून होतं.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्याला आवडेल ते सांगणाऱ्यापेक्षा खरं तेच सांगणारा कारागीर जवळ असेल, तर त्याला ओळखायला उशीर करू नये.